शिकाऊ चालक घाबरल्यामुळे

बावीस वर्षं मी राजारामपुरीत लोकांना गाडी शिकवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं गाडी कुठे उभी करायची नाही, हेच सांगण्यात गेली. त्या माझ्या गाडीला नो पार्किंगचं चलन आलं. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी चहा पीत होतो. चहा तसाच गार झाला.

गप्प बसायचीही सोय नव्हती. पलीकडच्या गल्लीत दुसरं ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा बाळासो नेमका तेव्हा रस्त्यावर होता. हवालदार माझ्या गाडीचा फोटो काढतोय, असा त्याने फोटो काढला आणि राजारामपुरीतल्या दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'उदयसिंह सरांकडं शिका, पार्किंगसकट.' साठ जणांनी दात काढले. दोन आयांनी आपल्या मुलांची नावं माझ्याकडून काढून घेतली. बाळासोच्या नरड्याला हात घालावा असं मला वाटत होतं.

खरं काय घडलं ते सांगतो. गाडी पार्क केलेली नव्हतीच, बंद पडली होती. स्टिअरिंगवर शालूबाई होत्या, शिवाजी पेठेतल्या, वय एकावन्न, शिकायला लागून सतरावा दिवस. हात चांगला होता बाईंचा. गिअर बदलताना खाली बघत नसत आणि आरशात मात्र बघत, जे कॉलेजच्या पोरांना महिन्याभरातही जमत नाही. नवव्या गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा आडवी घुसली. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो मी दाबला. बाईंनी क्लच दाबायच्या आत गाडी आचका देऊन बंद पडली. चूक माझ्या पायाची, कारण रिक्षा बघून त्या आपणहून वेग कमी करतच होत्या. पण मी तापलो होतो, आणि तापल्यावर मला समोरचं माणूसच चुकलेलं दिसतं. तिथेच, नो पार्किंगच्या पाटीखाली, मी त्यांना झापायला सुरुवात केली. त्यांनी दोनदा विचारलं, "सर, गाडी चालू करू का?" मी म्हणालो, "आधी ऐकून घ्या." त्या भरात हवालदार कधी आला, ते मला दिसलंच नाही.

शालूबाई घरी न सांगता यायच्या. घरी दातांच्या दवाखान्याचं कारण होतं. इतके दिवस दवाखाना म्हणजे बत्तीसच्या बत्तीस किडलेले असायला हवेत, पण घरात कुणी विचारलं नव्हतं. शिरोळला त्यांची आई, बयाबाई, एकटी राहायची. आईचा फोन आला की मुलाला, विश्वजितला, म्हणायचं, नेऊन सोड. तो म्हणायचा, रविवारी बघू. दारात गाडी उभी आणि ही बाई रविवारची वाट बघत बसलेली.

"लायसन हातात आल्यावरच त्याला सांगायचं हाय," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "आदी कळलं तर शिकूच देनार न्हाय त्यो." त्यांची परीक्षा पुढच्या मंगळवारी होती.

दुसऱ्या दिवशी मी वाहतूक पोलिसांकडे गेलो. टेबलामागच्या साहेबांनी चलनाचे फोटो उघडले. दोन होते.

"गाडी उभी दिसती की," साहेब म्हणाले.

"आत माणसंही दिसतात. स्टिअरिंगवर बाई बसलीय. असं पार्किंग कोण करतं?"

"लई जण करत्यात. बायको गाडीत आन् गडी दुकानात."

"मी शेजारीच बसलोय, साहेब. फोटो मोठा करून बघा. चलन फाडताना बघितलं नाही, आता तरी बघा."

"पावणं, आवाज खाली." त्यांनी फोटो मोठा केला. "ह्यो पयला सहा धाचा. ह्यो दुसरा सहा चौदाचा. बंद पडली म्हंता, मग चार मिनटं काय करत हुता?"

काय करत होतो, ते दुसऱ्या फोटोत स्वच्छ दिसत होतं. माझं तोंड उघडं होतं आणि बोट शालूबाईंच्या नाकासमोर. ते कागदावर लिहायची माझी तयारी नव्हती. मी अर्ज मागून घेतला आणि लिहिलं, 'शिकाऊ महिला चालक घाबरल्यामुळे गाडी बंद पडली व भीतीपोटी त्यांना ती पुन्हा सुरू करता आली नाही.'

"असं व्हय," साहेब म्हणाले. "मग ठीक हाय."

त्या आठवड्यात शालूबाई रोज आल्या. अर्जाचं मी त्यांना काही बोललो नाही. शनिवारी चलन रद्द झाल्याचा मेसेज आला. तो मेसेज, चलनाचा पहिला फोटो मोठा करून आणि माझा अर्ज, असं तिन्ही मी ग्रुपवर टाकायला घेतलं. विश्वजितचं मोबाइलचं दुकान राजारामपुरीतच आहे आणि तो त्या ग्रुपमध्ये आहे, हे मला माहीत होतं. मी थांबलोसुद्धा थोडा. मग बाळासोचं ते 'पार्किंगसकट' पुन्हा वाचलं आणि पाठवून दिलं. काढलेली दोन्ही मुलं परत आली. मला त्या रात्री मस्त झोप लागली.

सोमवारी संध्याकाळी शालूबाई ऑफिसात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"त्यानं शिकाऊ लायसन काढून घेतलं," त्या म्हणाल्या. "म्हनतो, भर रस्त्यात भिऊन बसतीस, उद्या कुनाला तरी चिरडशील."

"मग मी काय करू?"

"सांगा त्याला. मला भ्या वाटलं न्हवतं, एवडंच सांगा. दुसरं काय नगं."

त्यांनीच फोन लावला, स्पीकर चालू केला आणि माझ्या हातात दिला.

"विश्वजित, तुमची आई चांगली चालवते," मी म्हणालो. "उद्या परीक्षेला पाठवा. पास होणार."

"आन् त्या दिवशी घाबरली त्ये?"

"तसं काही नव्हतं."

"मग पोलिसांस्नी लिहून दिलासा त्ये खोटं?"

दुकानात त्याच्यामागे गिऱ्हाइकं बोलत होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. पण तो हो तासाभरात ग्रुपवर गेला असता, बाळासोच्या हातात गेला असता, कदाचित त्या साहेबांच्या टेबलावरही. समोर शालूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला त्यांचाच राग आला, की ही बाई मला कुठे आणून उभं करतेय.

"लिहिलंय ते बरोबर आहे," मी म्हणालो.

शालूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "ठेव रं विश्वजित," एवढंच त्यात बोलल्या आणि बंद केला. मग मला म्हणाल्या, "उद्या माझी वाट बघू नगासा."

मंगळवारी मी चौघांना परीक्षेला घेऊन गेलो. चौघंही पास झाले. परत आल्यावर रजिस्टर उघडलं आणि शालूबाईंच्या नावापुढे लिहिलं, 'स्वतःहून शिकणं सोडलं.'