जुजबंदी, अगदी सावकाश

ग्रंथपाल बाईंनी बाइंडरला आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. महिनाअखेरीला रद्दीची गाडी येणार आणि पाठ सुटलेली तीनशे पुस्तकं घेऊन जाणार. त्यांचाही नाइलाज होता. कपाटं भरली होती आणि सुट्या पानांची पुस्तकं कोणी वाचक घरी नेत नव्हता.

पंचेचाळीस वर्षं अशी पुस्तकं बाइंडरकडे यायची आणि धडधाकट होऊन परत जायची. पण वर्षभरापासून बाइंडरचा उजवा हात थरथरू लागला होता. आठवड्याला दोन पुस्तकं हातावेगळी झाली तरी खूप वाटायचं. त्या गतीने तीनशे पुस्तकांना तीन वर्षं लागली असती.

तोडगाही बाईंनीच काढला. वाचनालयातल्या पंचवीसेक वाचकांनी पुस्तकं घरी नेऊन शिवायची तयारी दाखवली होती. काकांनी एकदा येऊन सगळ्यांना शिकवावं, बस्स. बाइंडर "बघू" म्हणाला आणि घरी येऊन हातपाय गाळून बसला. चार माणसांसमोर उभं राहून बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात दोन शब्द बोला म्हटल्यावर तो हात धुवायला म्हणून जो गेला, तो सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर परतला होता. ती गोष्ट नातेवाईक अजून रंगवून सांगत.

"माणसं नकोत ना? मग फोनसमोर शिकव," ताई म्हणाली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. त्याची बायको गेल्यापासून ती त्याच्याकडेच राहायची आणि अडुसष्ट वर्षांच्या भावाला अजून छोट्या म्हणायची. "मी लोकरीचे मोजे विणायला फोनवर बघूनच शिकले. ती बाई कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण मोजे पायात आहेत."

बाइंडरने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तो वाचनालयात गेला आणि तीनशेपैकी चार पुस्तकं पिशवीत घालून घेऊन आला. त्यातली दोन त्यानेच तरुणपणी बांधली होती. कापडावरून त्याने ती लांबूनच ओळखली. पिशवी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "शनिवारी वाचक जमणार आहेत. त्याआधी व्हिडिओ झाला पाहिजे."

फोन ताईचा होता. तो उभा कशात धरायचा हा प्रश्न आला, तेव्हा बाइंडरने पुस्तकं दाबायचा शिकंजा पुढे ओढला, फोनच्या दोन्ही बाजूंना जाड कापडाच्या घड्या लावल्या आणि चाक बेताने फिरवलं. स्क्रीनला तडा गेला तर तुझंच बाइंडिंग करीन, असं ताईने आधीच बजावून ठेवलं होतं.

पहिला व्हिडिओ अर्ध्या तासाचा झाला. दोघं शेजारी बसून तो बघू लागले. सुरुवातीला टेबल दिसलं, दोरा दिसला, आणि मग जे दिसायला लागलं ते शेवटपर्यंत तेच दिसत राहिलं.

"टक्कल झकास आलंय," ताई म्हणाली. "पुस्तक कुठाय?"

बाइंडर ओशाळला. चूक कुठे झाली ते त्याच्या लगेच ध्यानात आलं. ज्याच्या हाताखाली तो शिकला, त्या म्हाताऱ्या बाइंडरने पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, की गिऱ्हाईक समोर असताना शिवायची वेळ आली तर अंग आडवं घालायचं. शिलाई बघितली की माणूस घरी जाऊन स्वतःच करून बघतो. तेव्हापासून सुई हातात आली की त्याची पाठ आपोआप वाकायची आणि डोकं पुस्तकावर छत्रीसारखं उघडायचं. आता माणसाने घरी जाऊन करून बघावं हीच तर इच्छा होती, पण पाठीला ते कोण सांगणार?

त्याने पुन्हा सुरुवात केली. ताठ बसायचं असं मनाशी घोकत त्याने सुई घातली आणि तिसऱ्या टाक्याला टक्कल हजर. आणखी दोनदा तेच झालं. मग त्याने उठून बांधणीच्या कापडाची एक लांब पट्टी काढली, ती ताईच्या हातात दिली आणि खुर्चीच्या पाठीला मला आवळून बांध म्हणाला. ताईला हसू आवरेना, पण तिने गाठ मात्र पक्की मारली.

या वेळी हात स्वच्छ दिसले. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, एकावर एक ठेवून त्याने ते दोऱ्याने एकमेकांत ओवून शिवले. यालाच जुजबंदी म्हणतात. प्रत्येक फर्म्याला चार भोकं, आणि चौथ्या भोकातून बाहेर आलं की खालच्या फर्म्याच्या दोऱ्यात अडकवून गाठ. पुस्तकाचा सगळा जीव त्या गाठीत. बघून बाइंडर खूश झाला.

ताई मात्र एक सुटं पुस्तक आणि सुई घेऊन व्हिडिओसमोर बसली. तिने आयुष्यात पुस्तक शिवलं नव्हतं, त्यामुळे खरी परीक्षा तिचीच. पाचदा मागे नेऊन बघूनही तिला ती गाठ कळली नाही. दोरा ओढला की फर्मा हातात यायचा.

"शेवटी काय करतोस ते दिसतच नाही रे. सुर्रकन जातो हात. जरा सावकाश कर की."

बाइंडरने तिच्या हातातला सुटलेला फर्मा घेऊन पुस्तकावर ठेवला.

"सावकाश नाही जमत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"भराभर शिवलं की थोडा वेळ तरी हात सरळ चालतो. सवयीने. सावकाश केलं की थरथरतो. सुई भोकात जात नाही."

ताईला हे माहीत नव्हतं. हात दुखतो म्हणून काम कमी केलं, एवढंच त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, की मग राहू दे, बाईंना मी सांगते. तीनशे पुस्तकांसाठी लोकांपुढे हात थरथरवत कशाला बसायचं?

बाइंडरने टेबलावरचं ते फसलेलं पुस्तक उचललं. पानं घसरून त्याच्या मांडीवर पडली. ती त्याने गोळा केली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि म्हणाला, "लाव फोन."

तो सावकाश शिवू लागला. पहिल्या भोकातून सुई गेली, दुसऱ्यातून गेली. चौथ्या भोकापाशी हात थरथरला आणि टोक कागदात भलतीकडेच घुसलं. ताईने बंद करायला बोट पुढे केलं. त्याने मानेनेच नको म्हटलं. आणि मग, फोनसमोर पहिल्यांदाच, त्याच्या तोंडातून शब्द फुटले.

"इथे माझी सुई चुकली. तुमचीही चुकेल. ओढून काढायची नाही, कागद फाटतो. सुई आली त्याच वाटेने मागे घ्यायची. मग डाव्या अंगठ्याने भोकाखाली आधार द्यायचा. असा. आता परत."

परतही चुकली. तिसऱ्यांदा गेली. कपाळावर घाम आला होता, पण तो बोलत राहिला, कारण प्रत्येक चुकीनंतर सांगण्यासारखं काहीतरी असायचंच. व्हिडिओ पाऊण तासाचा झाला. ताईने चुकलेले भाग कापू का म्हणून विचारलं. एक सेकंदही कापायचा नाही, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई तो बघत पुन्हा शिवायला बसली. दीड तास लागला, दोनदा उसवावं लागलं. मग तिने पुस्तक उघडं धरून चांगलं झटकलं. एक पान हललं नाही. तिने ते भावापुढे ठेवलं आणि गाठी बघायला सांगितल्या. त्याने बोट फिरवून एकेक गाठ तपासली आणि एक जराशी सैल आहे म्हणाला.

"मेल्या, नुसतं छान म्हण की," ताई म्हणाली.

शनिवारी वाचनालयात तो व्हिडिओ भिंतीवर मोठा करून दाखवला गेला. बाइंडर घरीच थांबला होता. संध्याकाळी बाईंचा फोन आला. बावीस जणांनी मिळून साठ पुस्तकं नेली होती. दोन आठवड्यांत त्यातली पन्नास शिवून परत आली, तेव्हा बाईंनी ती कार्यकारी मंडळाच्या टेबलावर रचून ठेवली आणि रद्दीची गाडी तीन महिने पुढे ढकलून घेतली. उरलेल्या पुस्तकांनाही हात लागू लागले होते.

वाचकांना घरी बघता यावा म्हणून ताईने व्हिडिओ इंटरनेटवरही टाकला होता. त्याखाली एका वाचकाने लिहिलं होतं, की शिलाई झाली, पण पाठ सपाट राहते, तुमच्यासारखी गोल येत नाही. बाइंडरने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि कपाटातून हातोडी काढली. पाठ हातोडीने हलक्या हाताने ठोकून गोल करावी लागते.

ताईने हातोडीकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे. "बोट ठेचून घेशील, छोट्या."

"ठेचलं तर तेही दिसू दे," तो म्हणाला आणि फोन शिकंज्यात धरून चाक फिरवू लागला.