फायरवॉलने अडवलेला निरोप

वाडीच्या औषध-गोदामात दुपारी तीन वाजता, कंत्राटावर नेटवर्क सांभाळणाऱ्या दामिनीच्या संगणकावर दोनशे चौदावी ओळ उमटली. काट्यावरच्या संगणकाकडून आलेले आणखी एक पॅकेट, माहितीची एक छोटी पुडी, फायरवॉलने, म्हणजे जाळ्याच्या द्वारपालाने, टाकून दिले होते. त्या काट्यावर, ट्रक तोलण्याच्या चौकीत, बळीराम बावीस वर्षे बसत होते.

"डाटा बाहेर पाठवून राहिला तो," मागे उभे असलेले व्यवस्थापक महादेवराव म्हणाले. "पाच वाजता चौकीची किल्ली काढून घेतो. तुम्ही फक्त हो म्हणा, मॅडम."

दामिनीच्या एका होकारावर एका वृद्धाचा लौकिक टांगला होता.

तिने साऱ्या ओळी पहिल्यापासून सावकाश वाचल्या. नवा संपर्क मागणारे एकही पॅकेट त्यांत नव्हते. 'बोलणे संपले, संपर्क मिटवू या' एवढेच सांगणारी ती समारोपाची पॅकेटे होती, आणि तीही गोदामाच्याच सर्व्हरकडे निघालेली. निरोप घेणाऱ्याला द्वारपालाने का अडवावे?

ती चौकीत गेली. "काका, वजन झाल्यावर स्क्रीनवरचं पान लगेच बंद करत नाही का?"

"काहून करू वं बाई? कागदपत्रात अर्धा घंटा जाते. गाडी फाटकाबाहेर पडली, तिले हात जोडले, का मंग पान बंद." बळीराम हसले. "घाई तुमच्या मशीनले, मले नाही."

अर्धा तास! शांत पडलेला संपर्क विसरण्याची फायरवॉलची मुदत गेल्या सोमवारी दामिनीनेच, कुणालाही न विचारता, तासावरून दहा मिनिटांवर आणली होती. अर्ध्या तासाने येणारा बळीरामांचा निरोप द्वारपालाला परक्याचा वाटत होता.

एक ट्रक बाहेर पडला. बळीरामांनी हात जोडले, पान मिटले. तिच्या मोबाइलवर दोनशे पंधरावी ओळ उमटली.

मुदत गुपचूप पूर्ववत केली असती, तर ओळी थांबल्या असत्या. तिचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि तो वाढवणे महादेवरावांच्या हाती होते. पण बळीरामांवरचा संशय तसाच राहिला असता.

पावणेपाचला महादेवराव चौकीकडे निघाले, तेव्हा ती आडवी उभी राहिली. "सर, किल्ली मागू नका. चूक माझी आहे." तिने सोमवारचा बदल त्यांना सांगितला.

तिने त्यांच्यासमोरच मुदत पुन्हा तासाची केली. पुढचा ट्रक तोलला गेला, अर्ध्या तासाने फाटकाबाहेर पडला. बळीरामांचे हात जुळले. दामिनी आणि महादेवराव फायरवॉलच्या नोंदींकडे पाहत राहिले. नवी ओळ आली नाही.

"हे सारं लेखी द्या, मॅडम," महादेवराव म्हणाले, "तुमच्या सहीनं."

दामिनीने कागद पुढे ओढला. 'मुदत मी बदलली,' तिने पहिली ओळ लिहिली.