टिनाच्या शेडखालची बैठक

मी एक जुनं टिनाचं शेड आहे, मित्रांनो. कारंजा लाडच्या कडेला, जिथे पूर्वी तुरीची शेतं होती, तिथल्या मैदानावर मी उभं आहे. हबीबचाचांनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानात माझे लोखंडी खांब जोडले आणि कबड्डी शिकवणाऱ्या मदनसिंग सरांनी मुलांना हाताशी घेऊन ते इथे रोवले. सरांनी माझ्या खांबावर थाप मारली. "आता पोरायले ऊन नाही लागनार!" मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

ते दिवस सुखाचे होते. मुलींचा संघ आला की सरांच्या पत्नी ललिताबाई माझ्या दोन खांबांना चादर बांधायच्या. तिच्याआड मुली खेळाचे कपडे घालायच्या. वारा सुटला की चादर उडायची. मग ललिताबाई ती दोन्ही हातांनी धरून उभ्या राहायच्या. सुकेशनी आणि शाजिया या त्या संघातल्या जिवलग मैत्रिणी. शाजियाची पकड अशी, की चढाईला आलेली मुलगी सहसा परत जायची नाही.

पुढे ललिताबाई वारल्या. चादर धरणारं कोणी उरलं नाही. काही दिवसांनी शाजिया यायची थांबली. मी तिची वाट पाहत राहिलं. मग शेतांचे प्लॉट पडले, वस्ती वाढली, माझे पत्रे गळू लागले. लोक माझ्याखाली मोटारसायकली लावू लागले.

यंदा ठरलं, मला काढून इथे मोठं क्रीडाभवन बांधायचं. आणि त्याचा नकाशा घेऊन कोण आली? सुकेशनी! ती आता आर्किटेक्ट झाली आहे. बैठक माझ्याच सावलीत भरली. क्रीडाभवन समितीचे अध्यक्ष खालिदभाई, म्हणजे शाजियाचे थोरले भाऊ. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"मंचाच्या बाजूले ही खोली कायले? ती काढ, मंच मोठा कर. पाव्हने बसतीन कुठी?"

"पाव्हने वर्साले एकदा येतेत, भाऊ. पोरी रोज येतीन," सुकेशनी म्हणाली. "त्या कपडे कुठी बदलतीन?"

"घरूनच घालून येतीन ना."

मागे बायकांमध्ये बसलेली शाजिया उठली.

"ललिताबाई गेल्यावर मी तसंच करत होती, भाईजान. आतून खेळाचे कपडे घालून येत होती, अन् घामानं ओले झालेले तसेच अंगावर घेऊन घरी जात होती. मंग येनंच सोडलं. तुमी एकदा तरी इचारलं काय, काहून सोडलं म्हनून?"

खालिदभाई बहिणीकडे बघतच राहिले. "मले वाटलं, तुले खेळाचा कंटाळा आला," ते हळूच म्हणाले.

"कंटाळा? आजबी सपनात मी पकड करते."

खालिदभाईंनी सुकेशनीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि मंचाची रेघ स्वतःच मागे सरकवली. खोली मोठी झाली.

मित्रांनो, लवकरच माझे पत्रे उतरतील. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझं एक मागणं आहे. ती खोली बांधून झाली की तिच्यात खुर्च्या आणि सतरंज्या भरू नका. तिला बाहेरून कुलूप घालू नका. आतून कडी लागते ना, नळाला पाणी येतं ना, तेवढं बघत जा. आणि रोज खेळणारी एखादी पोर अचानक यायची थांबली, तर तिच्या घरी जाऊन विचारा. मला पाय असते, तर मी तेव्हाच गेलं असतं.