का म्हणजे कायम

ताईने खडू उचलला आणि सिंकखालच्या दारावर ठसठशीत अक्षर काढलं : का.

"का म्हणजे?" चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या बारकीने विचारलं.

"का म्हणजे कायम. हे राहणार." ताई पुढच्या दाराकडे वळली. "उद्या सुतार येईल तेव्हा तू दुकानात असशील. मी जरा इकडेतिकडे झाले आणि त्याने भलतंच उचकटलं, तर काय घ्या? म्हणून खुणा."

बारकीने पन्नाशी कधीच ओलांडली होती. चष्म्यांच्या दुकानात बसून ती गावभरच्या डोळ्यांचे नंबर काढायची, तरी सगळ्यांच्या तोंडी ती बारकीच राहिली होती. ताई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. शिकवणं मात्र तिच्यातून अजून निवृत्त झालं नव्हतं. दोघी बहिणींनी मिळून स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं, तेव्हा बारकी हरखून गेली होती. मग ताईने तिला 'नवं' या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला.

जे चालतंय ते टाकायचं नाही. आपल्यापायी एकही झाड कापलं जाता कामा नये. खिडकी मोठी करायची, म्हणजे दिवसाढवळ्या दिवा लावायला नको. भाज्या धुतलेलं पाणी नळीने थेट गॅलरीतल्या कुंड्यांना द्यायचं. सालं-देठं झाकणाच्या बादलीत साठवून त्यांचं खत करायचं. जुनी दारं घासूनपुसून रंगवायची, रंगही उग्र वासाचा नको. बारकीला हे सगळं मनापासून पटलं होतं. अडलं होतं ते फक्त ओट्याशेजारच्या कपाटापाशी.

ते मुळात ताईचं पुस्तकांचं कपाट. ताईला नवं मिळालं आणि हे स्वयंपाकघरात आलं. त्याचं दार उघडायला कोपर लावावं लागे आणि बंद करायला गुडघा. ताईच्या वस्तूंचा पुढचा मुक्काम बारकीकडे, हा घरातला जुनाच रिवाज होता. ताईला आखूड झालेले फ्रॉक, ताईची सायकल, ताईने समासात उत्तरं लिहून ठेवलेली पुस्तकं, असं सगळं यथावकाश बारकीकडे येई. लहानपणी तिच्या वाट्याला कोरं करकरीत असं दातांखेरीज काही आलं नव्हतं. याचं कोणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण बारकी कधी रुसायचीच नाही. काहीही पुढे केलं की म्हणायची, "चालेल."

पण गेले काही महिने तिला एका ड्रॉवरने वेड लावलं होतं. चष्म्याच्या दुकानासमोर फर्निचरचं दुकान होतं. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे जायची आणि मांडून ठेवलेल्या ओट्याचा ड्रॉवर ओढायची. हलकेच ढकलला की तो अर्ध्यावर जाऊन जरासा विचार करायचा आणि मग आपला आपण बिनआवाज मिटायचा. तिथला विक्रेताही आताशा काय दाखवू म्हणून विचारत नसे. "या, ड्रॉवर मोकळाच आहे," एवढंच म्हणायचा. असा एक ड्रॉवर आपल्या घरी असावा, कोणीही न वापरलेला, आपण पहिल्यांदा उघडलेला, असं तिला फार वाटत होतं. एवढ्या वयात असलं काही मागायचं कसं, हेच तिला कळत नव्हतं.

ताई खडू घेऊन कपाटापाशी पोचली. बारकीने कप खाली ठेवला.

"ताई, हे काढून इथे ड्रॉवर केले तर?"

"नवे?"

"नवे."

"अगं, अस्सल लाकूड आहे हे. आपल्या दोघींच्या पश्चातही टिकेल."

"तेच तर," बारकी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. चालेल."

ताईचा हात दारापाशी थबकला. "खरंच चालेल?"

"चालेल म्हटलं ना."

ताईने कपाटावर 'का' लिहिलं आणि ती खडूचे हात धुवायला गेली. नळ सोडून ती इतका वेळ हात धूत राहिली, की पाणी वाया घालवण्यावरून आज आपणच तिला बोलावं का, असं बारकीच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारकी घरी आली, तर ओट्याशेजारी कपाट नव्हतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन तेवढा उरला होता. ताई स्टुलावर बसून होती.

"चूक झाली," ताई म्हणाली.

बारकीला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मी रंगाचे नमुने बघायला गेले होते. 'का' म्हणजे 'काढा' असं समजला सुतार. मी परत येईपर्यंत कपाट निघालेलं. बाकीची दारं वाचली, तेच नशीब."

"मग परत बसवू की."

"कुठलं परत? खालच्या पाळणाघराला खेळण्यांसाठी कपाट हवंच होतं. त्यांना देऊन टाकलं. आता मागायला जाणं बरं दिसतं का?"

बारकीला मनातून उकळ्या फुटत होत्या. त्या चेहऱ्यावर येऊ नयेत म्हणून तिने खाली वाकून उगाच चपलेचा पट्टा सारखा केला.

"मग आता?"

"आता ड्रॉवरच करावे लागणार. बांबूच्या फळ्या मिळतात."

"पण तू तर झाड..."

"बांबू झाड नाही. गवत आहे ते," ताईने वर्गात सांगावं तसं सांगितलं. "कापलं की मुळापासून पुन्हा फुटतं. मी झाड म्हटलं होतं, गवत नव्हे."

ड्रॉवर बसवायला सुतार आला त्या दिवशी बारकीला सुट्टी होती. ताई गॅलरीत कुंड्यांना नळी जोडत होती. शेवटचा स्क्रू बसताच बारकीने जमिनीवर बसकण मारली आणि सर्वांत खालचा ड्रॉवर ओढला. आत कोऱ्या लाकडाचा वास होता. गवत म्हणायचं तर गवताचा.

"दादा, आभार तुमचेच मानायला हवेत," ती म्हणाली. "तुम्ही चुकलात म्हणून हे झालं."

"मी चुकलो?"

"'का' म्हणजे 'काढा' वाचलंत ना."

सुताराने हातातला पेचकस खाली ठेवला. त्याला ते लागलेलं दिसत होतं. "न विचारता कोणाचं कपाट काढीन का मी? आल्या आल्या विचारलं, मोठ्या ताई, का म्हणजे काढा की कायम? त्यांनी एकेक दार दाखवलं. कायम, कायम, कायम. या कपाटापाशी आल्या नि म्हणाल्या, हे काढा. मी म्हटलं, चांगलं आहे की. तर म्हणाल्या, ती चालेल म्हणते तेव्हा तिला ते चालत नसतं, आणि हे कळायला मला फार वेळ लागला. पाळणाघरात आम्ही दोघांनी धरूनच तर नेलं." तो थांबला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

बारकीने ड्रॉवर हलकेच ढकलला. तो मिटेपर्यंत तिने मान वर केली नाही. शाळेत, घरात, वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यातसुद्धा ताई चुकत नसे, आणि चुकलीच तर कबूल करत नसे. जन्मात कबूल केलेली तिची ही पहिलीच चूक, आणि ती तिने केलेलीच नव्हती.

"मी बोललो म्हणून सांगू नका हं," सुतार हळूच म्हणाला.

ताई ओल्या हातांनी आत आली. तिने ड्रॉवरकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"कसे झालेत?"

"फार आवडले मला," बारकी म्हणाली. असं सरळ बोलायची सवय नसल्यामुळे तिचा आवाज थोडा चढलाच. मग तिने डोळे पुसले आणि शक्य तितकी करडी मुद्रा केली. "पण ताई, यापुढे शब्द पूर्ण लिहीत जा. एका अक्षरापायी केवढा घोटाळा झाला."

सुतार घाईघाईने अवजारांच्या पेटीत काहीतरी शोधू लागला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"हो," तिने मुकाट्याने कबूल केलं. "चुकलंच माझं."