कानावरची जागा

मी मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिल बोलतेय. उरले आहे जेमतेम बोटभर, त्यामुळे फार पाल्हाळ लावणार नाही. पण माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा आला आणि कसा गेला, एवढं सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

दप्तरातल्या त्या गोल, नाजूक पेन्सिली वेगळ्या. मी लाल, जाडजूड आणि चपटी. छपराच्या उतारावर ठेवली तर घरंगळू नये म्हणून आम्हाला मुद्दाम चपटं करतात. आमचं टोक काढायचं ते पटाशीनं, दोन फटक्यांत. दुकानातल्या डब्यातून मिस्त्रीनं मला उचललं, एक डोळा मिटून सरळ आहे का ते पाहिलं आणि थेट उजव्या कानावर बसवलं. माझ्या आधी कितीतरी जणी तिथे बसून झिजल्या होत्या. मला त्या जागेची भारी ऐट होती.

आमचा मिस्त्री छपरं बांधणारा सुतार. अडतीस वर्षं त्याचं हेच काम. लोकांच्या डोक्यावर सावली करायची आणि ती होईपर्यंत स्वतः उन्हात बसायचं. डोक्याला टोपी असायची, पण ती पुढे टोक असलेली. तिची सावली पडायची नाकावर, दोन्ही कान आपले बाहेर.

त्याची एक रीत होती. आढं, म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं आडवं लाकूड, बसवून झालं की तो त्यावर मांड ठोकून बसायचा आणि माझ्याकडून तारीख आणि एखादी ओळ लिहून घ्यायचा. 'वारा फार होता.' 'मेहुणा घसरला, वाचला.' 'लेकीला नोकरी लागली.' मग वरून पत्रे चढायचे, खालून फळ्या ठोकल्या जायच्या आणि ते अक्षर कायमचं आत जायचं. "कोण वाचणार आहे भाऊजी?" असं त्याच्या हाताखाली काम करणारा मेहुणा दर वेळी विचारायचा. "छपराला माहीत असलं म्हणजे झालं," हे मिस्त्रीचं ठरलेलं उत्तर.

एक दिवस मी कानावर बसले आणि मला काहीतरी खरखरीत लागलं. खपली होती. ती निघाली, रक्त आलं आणि माझ्या लाल रंगात ते दिसलंही नाही. घरी गेल्यावर बायकोनं पाहिलं.

"अहो, कानाला काय झालं?"

"काही नाही गं, पेन्सिल घासते."

झालं! गुन्हेगार ठरले मी. मलम लागलं, खपली धरली, पुन्हा निघाली. मग मिस्त्रीनं मला डाव्या कानावर हलवलं. शेवटी तर कहरच केला. चिकटपट्टी आणली आणि जखमेऐवजी माझ्याच अंगाला गुंडाळली, म्हणजे मी मऊ होईन! पट्टी बांधलेली पेन्सिल बघून मेहुणा हसून हसून शिडीवरून पडायचा राहिला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या अंगावर मी राहते, त्यालाच मी सोलतेय, हे मला खरंच वाटायला लागलं होतं.

चार महिने असे गेले. मग लेक माहेरी आली. जेवताना बापाच्या कानाकडे तिनं टक लावून पाहिलं.

"बाबा, पेन्सिल कुठल्या कानावर असते आता?"

"डाव्या."

"आणि जखम?"

"उजव्या."

"मग उजव्या कानाला कोण घासतंय?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. छपराचा बारीकसा तिरपेपणा लांबून ओळखणारा माणूस, पण एवढा साधा हिशेब त्याला सुचला नव्हता. मलाही नव्हता म्हणा.

दुसऱ्याच दिवशी तिघंजण कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मी खिशात. बाईंनी दिवा लावलेलं एक भिंग कानावर टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर तो कान भिंतीएवढा मोठा झाला. अगं बाई! मी रोज ज्या कानावर बसत होते तो असा होता? डोंगर, भेगा, लालसर वेड्यावाकड्या रेघा. मिस्त्री खुर्चीतून अर्धा उठला. "हे लाकडासारखं आहे हो," तो हळूच म्हणाला. "किती उन्हाळे काढले ते सगळं दिसतंय."

"आता दंडाची आतली बाजू दाखवा, काका," बाई म्हणाल्या.

बाही वर गेली. हाताच्या पाठीवर चिरा आणि डाग, आणि दंडाच्या आत नितळ, मऊ, कोवळी कातडी. दोन्ही एकाच माणसाची, एकाच वयाची. ऊन पोचलं नव्हतं तिथे मिस्त्री अजून पंचविशीतला होता. तो आपल्याच दंडावरून बोट फिरवत राहिला.

"इथे लग्नात होते तसेच आहेत," बायको पुटपुटली आणि स्वतःच लाजली.

बाईंनी जखमेचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. निकाल यायला दहा दिवस लागणार होते. मिस्त्रीनं एक दार तीनदा मापलं आणि तरी चुकीचं कापलं. दहाव्या दिवशी बाईंनी सरळच सांगितलं, "हा कातडीचा कर्करोग आहे. इतक्या वर्षांच्या उन्हानं झालेला. मानेत गाठी लागत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण काढायला हवा, आणि आता थांबायचं नाही."

बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"आणि पेन्सिल?" मिस्त्रीनं विचारलं.

"पेन्सिलीचं काय?"

"ती घासत होती ना."

"घासल्याची जखम घासणं थांबलं की भरते, काका. त्या बिचारीवर कशाला ढकलताय?"

बिचारी! जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी खिशात रडले असते, पण शिशाला रडता येत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सदरा समोरच्या खुंटीवर टांगला होता आणि मी खिशातून डोकं काढून बघत होते. सुई देऊन कान बधिर केला. मग बाईंनी एक जांभळी लेखणी काढली आणि कानावर रेघ मारली. कापायच्या आधी खूण! मी तर गारच पडले. हे तर माझं काम, आणि इथे ते जिवंत कातडीवर चाललं होतं.

त्यांनी एक पातळ थर काढला, कागदावर कानाचं चित्र काढून कुठला काठ कुठला ते मांडलं आणि तपासायला आत गेल्या. तासाभरानं आल्या. "खालच्या कडेला अजून आहे. आणखी थोडं काढू."

"म्हणजे रंधा मारायचा, बघायचं, पुन्हा मारायचा," मिस्त्री म्हणाला.

"अगदी तसंच. चांगला भाग उगाच जायला नको."

"मारा मग," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. एका कारागिरानं दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवलेलं मी तेव्हा पाहिलं. दुसरा थर निघाला. पुन्हा तासभर वाट. बायको दाराबाहेर येरझारा घालत होती, तिच्या चपला वाजत होत्या. दार उघडलं, आणि बाईंनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. त्या हसत होत्या. "कडा सगळ्या स्वच्छ."

कान भरून आला तेव्हा त्याचा वरचा काठ थोडा गेलेला होता. मिस्त्रीनं आरशासमोर मला तिथे बसवून पाहिलं. मी घसरले. पुन्हा बसवलं, पुन्हा घसरले. "गेली गं तुझी जागा," तो मला म्हणाला. कुणी माझ्याशी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

आता तो चारही बाजूंनी रुंद काठाची टोपी घालतो, सकाळी कानामानेला उन्हाचं मलम चोपडतो आणि ठरल्या तारखेला बाईंना दाखवून येतो. पहिल्याच दिवशी मेहुणा ओरडला, "भाऊजी, बुजगावणं दिसताय!"

"इकडे ये. टोपी काढ." मिस्त्रीनं त्याच्या टकलावरून अंगठा फिरवला. "हे खरखरीत काय आहे?"

"पत्रा लागला असेल."

"मी पण पेन्सिल म्हणालो होतो."

मेहुण्याचं हसू मावळलं. सोमवारी दोघं मिळून बाईंकडे गेले.

त्या वेळी काम चालू असलेल्या छपराचं आढं बसलं तेव्हा मिस्त्री त्यावर चढून बसला नाही. आधी पत्रे चढू दिले. मग आतून शिडी लावून वर आला, लिहिलं आणि मला तिथल्याच खाचेत नीट टेकवून ठेवलं. आणखी टोक काढलं असतं तर धरायला काही उरलं नसतं. खालून फळी ठोकली गेली.

तेव्हा मी आता इथूनच तुमचा निरोप घेते. जाताना एकच सांगणं आहे. न भरणारी जखम असेल तर कुणाला तरी दाखवा, उगाच एखाद्या पेन्सिलीवर आळ घेऊ नका. मी इथे अगदी मजेत आहे. समोर वीतभर अंतरावर आम्ही दोघांनी लिहिलेली शेवटची ओळ आहे: 'कान थोडा गेला, मिस्त्री राहिला. हे सावलीत बसून लिहिलं.'