मीटिंगमध्ये सोडलेली जांभई

चेतना टीचरनी गुरुवारी नववी-ब ला जांभई शिकवली आणि रविवारी मुलुंडच्या एका सोसायटीची मीटिंग उधळली, यात टीचरचा काडीचाही दोष नाही. दोष असलाच तर गार्गीचा, आणि तो ती हसत हसत पदरात घेईल.

टीचर म्हणाल्या होत्या की जांभई लागते. समोरच्याची बघून येते, नुसता आवाज ऐकून येते, एवढंच काय, तिच्याबद्दल वाचतानाही येते. (आली ना? दाबू नका.) अगदी लहान पोरांना ती सहसा लागत नाही, पण चार-पाच वर्षांच्या पुढे कुणाची सुटका नाही. आणि ती मुळात येतेच कशाला, हे शास्त्रज्ञांनाही अजून धड सांगता येत नाही. टीचरचं हे बोलून होईपर्यंत अख्ख्या वर्गाचे जबडे उघडले होते, टीचरचासुद्धा.

गार्गीने शेजारच्या अबोलीला कोपर मारलं. "रविवारी."

"काय रविवारी?"

"मीटिंग."

अबोलीला पुढचं सांगावं लागलं नाही. दोघी एकाच सोसायटीत राहायच्या आणि बी-विंगच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळायच्या. नेटचं एक टोक पाण्याच्या पाइपला, दुसरं पेरूच्या झाडाला. याच पट्ट्यात घाम गाळून गार्गी यंदा शाळेच्या टीममध्ये आली होती आणि तेव्हापासून तिचा आवाजही दोन पट्ट्या वर चढला होता. पण सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंतांना तिथे गाड्यांचं पार्किंग करायचं होतं. ठराव रविवारच्या मीटिंगला येणार होता.

"पास होणार," गार्गीचे आजोबा, म्हणजे अण्णा, म्हणाले होते. "गाडी नाही तोही हो म्हणेल. उद्या घेतली तर कुठे लावायची, म्हणून. मी विरोध करीन, पण मी पडलो एकटा."

म्हणजे तो विषय निघण्याआधीच माणसं उठून गेली पाहिजेत. गार्गीचा हिशोब साधा होता.

मीटिंग दुपारी तीनला होती. रविवार, त्यात घरोघरी मटण झालेलं. निम्मं काम तिथेच फत्ते. चहा आणि वेफर्स वाटायचं काम या दोघींकडे होतं, म्हणून त्यांना आत प्रवेश होता. चहा मात्र अबोलीने मुद्दाम गॅसवर चढवलाच नाही.

सामंत मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचायला लागले. टाकीची सफाई, लिफ्टचा आवाज, कबुतरांची जाळी. गार्गीने वेफर्सची ताटली हातात घेतली, तिसऱ्या रांगेसमोर उभी राहिली आणि पहिली जांभई सोडली. चांगली आवाजासकट. एका काकांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांच्या मागच्या आजींनी धरला नाही. तिकडे कोपऱ्यातून अबोलीने दुसरी सोडली, आणि मग बघायचं काम नव्हतं. जांभई खुर्च्यांवरून अशी पळत सुटली की टाकीच्या सफाईपर्यंत चौघं उठले, "जरा पाठ टेकून येतो" म्हणत. कबुतरांपर्यंत हॉल रिकामा.

"झकास," गार्गी पुटपुटली.

सामंतांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि चष्मा पुसला. घाबरलेले अजिबात वाटेनात. "कोरम नाही. सभा तहकूब. नोटिशीत लिहिल्याप्रमाणे अर्ध्या तासाने इथेच पुन्हा भरेल. तेव्हा जेवढे असतील तेवढ्यांत ठराव होतील."

गार्गीच्या हातातली ताटली कलली.

"वाट लावलीस," अबोली कुजबुजली. "ज्यांना पटवता आलं असतं त्यांनाही तूच झोपायला पाठवलंस ना गं."

अर्ध्या तासाने हॉलमध्ये चौघं होते. सामंत. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, वनमालाकाकू. नवी कोरी गाडी घेतलेला नितेश. आणि अण्णा.

"पार्किंगच्या बाजूने कोण?" सामंतांनी स्वतःचा हात वर केला. नितेशनेही केला.

"विरोधात?"

अण्णांचा एकट्याचा हात. गार्गी त्यांच्या मागे उभी होती, आणि तिला मत नव्हतं. तिच्याकडे एकच वस्तू होती. काकू मघापासून ओठ घट्ट मिटून, नाकपुड्या फुगवून कसाबसा तग धरून होत्या. गार्गीने थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि दोन्ही हात ताणून, पार पडजीभ दिसेल अशी जांभई दिली.

काकूंचा बांध फुटला. तोंड उघडलं, डोळे मिटले आणि आळस देत दोन्ही हात छताकडे गेले.

"सामंत," अण्णा शांतपणे म्हणाले, "विरोधात दोन झाले."

"अण्णा, ती जांभई आहे."

"हात तर वर आहे."

"अहो, एका घराचं एकच मत. आमच्या घराचं मी दिलंय."

"फ्लॅट कुणाच्या नावावर?"

सामंतांनी पुन्हा चष्मा पुसला. फ्लॅट काकूंचा होता, त्यांच्या नोकरीतून घेतलेला. सभासद त्या, सामंत नुसते सहसभासद; त्या हजर असताना घराचं मत त्यांचंच. आजवर प्रत्येक मीटिंगला काकू म्हणायच्या, तुम्हीच बोला, मला कंटाळा येतो.

काकूंचे हात आता अर्ध्यावर आले होते.

"वनू, खाली घे ते," सामंत म्हणाले. नेमकं हेच म्हणायला नको होतं.

"गाड्या लागणार कुठे?" काकूंनी विचारलं.

"मागे. बी-विंगच्या."

"म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. धूर, आणि सकाळी सकाळी ते रिव्हर्सचं टुंटुं."

"माझ्या गाडीचा आवाज नाही हो काकू," नितेश म्हणाला.

"तू गप रे. आणि तुम्ही, मला विचारलं होतंत?"

काकूंनी डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा सरळ वर केला, शाळेत करतात तसा. चिडल्या की त्या थेट मालवणला पोचायच्या. "मगाशी जांभईच होती. ह्यो मात्र माझो हात. खाली घेवचंय नाय. तुमका काय लिवचा ता लिवा."

उत्तर द्यायला सामंतांनी तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. भलीमोठी जांभई, डोळ्यांत पाणी आणणारी. गार्गीला टीचरचं आणखी एक वाक्य आठवलं: परक्यापेक्षा जवळच्या माणसाची जांभई लवकर लागते. तिने सामंतांना मनातल्या मनात निम्मं माफ केलं.

सामंतांचं मत बाद, विरोधात दोन, बाजूने एक. ठराव नामंजूर झाला. नितेश किल्ली फिरवत निघून गेला, अण्णांनी चहा मागितला, आणि या वेळी अबोलीने तो खरंच केला.

संध्याकाळी नेट बांधताना वरची खिडकी उघडली.

"तुमच्यासाठी नाय केलंय हां मी," काकू म्हणाल्या. "आणि शटल माझ्या घरात आलं तर परत मिळणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"नाही येणार काकू," गार्गी म्हणाली, "मी टीममध्ये आहे," आणि तिने जोरात सर्व्हिस केली. सरळ खिडकीत.