घोसाळ्यांच्या वेलाखालची वाडी

उपग्रहाच्या फोटोत जंगल होतं आणि हर्षलाच्या पुढ्यात कुडाची घरं. तिने मोबाइलवरचा नकाशा दोनदा पाहिला, फोन उलटासुलटा करून पाहिला. फोनचं काही चुकलेलं नव्हतं.

"काय हरवलं गं?" ओढ्यावरून आणलेला हंडा उतरवत चंद्राबाईंनी विचारलं.

"तुमची वाडी, मावशी."

हर्षला जवळच्याच पोशीर गावची. भूगोल शिकली आणि नेरळच्या आसपास कुठे शेतं जाऊन घरं उठली, याचे नकाशे करणाऱ्या एका संस्थेत लागली. सोमवारच्या ग्रामसभेत तिचाच नकाशा मांडायचा होता. त्यात जिथवर घरं, तिथवर नळाचा पाइप जाणार होता. आज शुक्रवार, आणि पाइप टेकडीखालच्या बंगल्यांपाशीच थांबत होता.

ओट्यावर बसून तिने चंद्राबाईंना फोटो दाखवला. "हा आभाळातून काढलाय. संगणक रंग बघून ठरवतो. हिरवं ती झाडी, करडं ते पत्रे नाहीतर स्लॅब, निळं ते पाणी."

"निळं तर लय हाय की त्यांच्याकडं!"

"पोहायचे हौद ते."

"आणि आमी हिरवी?"

"फोटो ऑक्टोबरचा आहे. तेव्हा छपरावर काय होतं तुमच्या?"

चंद्राबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "अगं, घोसाळी! वेलांखाली छपरं दिसत नव्हती. तुझ्या मशीननं भाजीचं जंगल केलं व्हय?"

हर्षलाने मे महिन्यातला फोटो काढून पाहिला. त्यात वेल नव्हते. पण छपराचं वाळकं गवत आणि माळाचं वाळकं गवत, दोन्हींचा रंग एकच.

"तुला पाय नायत का?" चंद्राबाई उठल्या. "चल, दावते."

दोघी दारोदार फिरल्या. दारात उभं राहून हर्षला फोनवर एकेक ठिपका टाकत गेली. तेरा झाले आणि ती थांबली. पुढच्या नऊ घरांच्या दारांना काट्या लावलेल्या होत्या.

"ही माणसं कुठे गेली?"

"वीटभट्टीवर. दिवाळी झाली की जातात, पावसाआधी येतात."

हर्षला अवघडली. "बंद घर धरत नाहीत, मावशी. नियम आहे तसा."

चंद्राबाईंनी कमरेवर हात ठेवले. "त्या पिवळ्या बंगल्याचं दार गणपतीपासून उघडलेलं मी बघितलं नाय. त्याला धरलंस?"

हर्षलाने नकाशात पाहिलं. धरला होता. शेजारचे पाचही धरले होते. छप्पर ठळक दिसलं, मग दार बघायला कोण जातंय!

तिने संस्थेच्या योगेंद्र सरांना फोन लावला. "सर, वर वाडीत नऊ घरं बंद आहेत, ती काढायची ना? मग खालचे सहा बंगलेही काढते."

"अगं, मग खाली उरतं काय? पाइप न्यायचा कुणासाठी?"

"तेच विचारतेय, सर."

पलीकडे चहाचा घुटका ऐकू आला. मग दुसरा. "बरं, बंद-उघडी सगळी टाक. पण प्रत्येक घराचा फोटो हवा. सभेत कुणी अडवलं तर उत्तर देता आलं पाहिजे."

ऊन कलायच्या आत बावीस ठिपके झाले. पाइपची रेघ बंगले ओलांडून टेकडी चढली.

"म्हंजे आलं पाणी?"

"नकाशात आलं. सोमवारी सभेने हो म्हणायला हवं."

"मग आमी समद्याजणी येतो," चंद्राबाई म्हणाल्या. "वरून दिसलो नाय, पण म्होरं येऊन बसलो तर दिसू ना?"